भाची आली होती

"हात सोड."

एवढंच म्हणाली ताईआत्या. चिडून नाही, आवाज चढवूनही नाही. वाईच्या पोस्टात खिडकीच्या आतून "पुढचे" म्हणायची, अगदी त्याच सुरात. साडेतीनच्या चहाची घंटा झाली होती, ती पलंगाशेजारच्या खुर्चीतून उठायला लागली आणि मी सवयीने तिच्या काखेत हात घातला. कुणीही घातला असता. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, डाव्या खुब्यात धातूचा गोळा, मनगटं अशी की बांगडी पार कोपरापर्यंत सरकते. तिने माझा हात काढला, परत खुर्चीत बसली आणि स्वतःशीच पुटपुटली, "घालवलास हा." काय घालवलं ते काही सांगितलं नाही. मग चहा आला, मी डब्यातल्या खोबऱ्याच्या वड्या काढल्या, वाईच्या घराच्या भाडेकरूचा विषय निघाला आणि ते तिथेच राहिलं. पण परतताना धायरी फाट्याच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा तो हात आठवला. माझाच हात. ताटातली नको असलेली भाजी कडेला सारावी तसा तिने बाजूला सारलेला.

आमच्या घरात माया दाखवायची एकच रीत आहे, समोरच्याला उठू द्यायचं नाही. "तू बस गं, मी आणते." "तुम्ही कशाला उठताय, मी आहे ना." आजारी माणसाचं सोडाच, पाहुण्यालाही आपण माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेऊ देत नाही. चांगली सून कोणती, तर सासूला बसल्या जागी सगळं देते ती. आणि गंमत अशी की 'बसून खातो' ही तरुण माणसाला शिवी आहे आणि म्हाताऱ्या माणसाला तोच आशीर्वाद. आत्याला आश्रमात ठेवल्यापासून (ठेवलं म्हटलेलं तिला आवडत नाही, ती म्हणते "मी आले", आणि ते खरंही आहे, पेन्शनच्या हिशोबाची वही पुढ्यात टाकून तिनेच ठरवलं होतं) नातेवाइकांना सांगण्यासारखं माझ्याकडे एकच समाधान होतं. तिथे तिला काडी इकडची तिकडे करावी लागत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की त्यात काही गैर असेल असं मनातही आलं नाही.

आश्रम खडकवासल्याच्या अलीकडे आहे. दोन मजले, पुढे गुलमोहर, मागे कपड्यांच्या दोऱ्या. आत शिरलं की आधी फिनेल लागतं, मग उकडलेल्या दुधीचा वास, आणि त्याच्याही खाली कुठेतरी बाम. सहाला चहा, आठला नाश्ता, साडेअकराला जेवण, साडेतीनला चहा, सातला पुन्हा जेवण. या सगळ्याच्या मध्ये खुर्च्या. दिवाणखान्यात भिंतीला लावून सगळ्या टीव्हीकडे तोंड करून मांडलेल्या, त्यातल्या निम्म्या कुणाकुणाच्या मुलांनी प्रेमाने देणगी दिलेल्या गुबगुबीत सोफ्याच्या. त्या सोफ्यात एकदा माणूस बसलं की गुडघे कमरेच्या वर जातात आणि बाहेर काढायला दोन मावश्या लागतात. मी स्वतः असाच एक सोफा द्यायचा विचार केला होता. रंगसुद्धा ठरवला होता.

तर, पडण्याचं सांगते. दोन वर्षांपूर्वी पहाटे पाचला ती बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पडली. फोन मॅनेजर बाईंचा. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "एकटीला जाऊच कसं दिलंत? तुमच्याकडे माणसं कशाला ठेवलीत? पैसे कशाचे घेता मग?" त्या बिचाऱ्या "हो ताई, हो ताई" म्हणत राहिल्या. रात्रपाळीला अठरा जणांमागे दोन मावश्या असतात हे मला ठाऊक होतं, पण त्या वेळी कुणावर तरी ओरडणं गरजेचं होतं आणि फोनच्या पलीकडे त्या होत्या. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. एकूण बारा दिवस हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम बसलंय. एक्स-रेवर तो गोळा दिव्यासारखा पांढरा दिसत होता. हाडाबद्दल सगळे बोलले, पायाबद्दल कुणीच बोललं नाही. चादर बदलताना मी तिची मांडी पाहिली. कातडीखाली काही उरलंच नव्हतं, पिशवीतलं धान्य काढून घेतल्यावर पिशवी होते तशी. नंतर कधीतरी वाचलं, २००७ साली अमेरिकेत बारा धडधाकट ज्येष्ठांना अभ्यासासाठी म्हणून दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं होतं. ना आजार, ना ऑपरेशन, जेवणखाण व्यवस्थित. तरी दहा दिवसांत पायांच्या मांसात जवळजवळ एक किलोची घट. आत्याकडे मुळात एक किलो होतं की नाही, देव जाणे.

परत आल्यावर आश्रमाने एक छापील कागद पुढे केला. रुग्णास मदतीशिवाय उठू अथवा चालू देऊ नये, अशी नातेवाइकांची इच्छा आहे. खाली नाव, नातं, तारीख. भांडल्यानंतरचा कागद होता तो. माझ्याच ओरडण्यातून निघालेला.

सही मी केली. दोन प्रतींवर.

त्या दिवसापासून व्हीलचेअर. आता यात कुणाचा दुष्टपणा होता असं मला मुळीच म्हणायचं नाही, उलट सगळे फार चांगलं वागत होते, आणि घोटाळा तिथेच आहे. आत्याच्या खोलीपासून जेवणघर बावीस पावलांवर आहे, मी मोजलीत. चाकांवरून अर्धं मिनिट. तिच्या पायांनी, वॉकर धरून, थांबत थांबत, नऊ मिनिटं. ज्या मावशीला एका वेळी आठ जणांना ताटावर बसवायचंय, तिने काय करावं? ती आत्याला बसवते, ढकलते, ताटासमोर आणते, वर मायेने म्हणते, "आजी, तुम्ही नका त्रास घेऊ." दिवसातून चार वेळा जेवणघर, जाऊन-येऊन आठ फेऱ्या. एवढं चालणं आम्ही सगळ्यांनी मिळून, अतिशय प्रेमाने, तिच्या दिवसातून काढून घेतलं. वर्षभरात ती पलंगावरून खुर्चीत यायलाही दुसऱ्याच्या गळ्यात हात टाकू लागली. मी म्हणत होते, वय झालं आता.

गेल्या दिवाळीनंतर तिथे एक फिजिओ यायला लागली. लातूरकडची मुलगी, पंचविशीची असेल, स्कूटरवर येते, पाठीवर बॅग. बॅगेत पायाला बांधायच्या वाळूच्या पिशव्या, अर्धा किलोच्या आणि एक किलोच्या, लाल-हिरवे रबरी पट्टे, एक मऊ चेंडू, चिकटपट्टीचं रीळ. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेदहा ते सव्वाअकरा. मी एका बुधवारी रजा टाकून मुद्दाम बघायला गेले. सोफे एका कोपऱ्यात ढकललेले, मधे अर्धवर्तुळात बिनहाताच्या ताठ लाकडी खुर्च्या. पंधरा-सोळा जण. तिने सगळ्यांना आधी घोटे फिरवायला लावले, मग टाचा वर, चवडे वर. कुणाच्या पायात लोकरीचे मोजे, कुणाच्या पायांना भेगा, एका आजींच्या पायाच्या बोटांत अजून जोडवी होती. नंतर वाळूच्या पिशव्या बांधून बसल्या बसल्या पाय सरळ करायचा आणि पाच मोजेपर्यंत धरायचा. पाच मोजायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. तीनला चेहरे लाल होतात, चारला कुणीतरी "अगं आई गं" म्हणतं, आणि पाचला सोळा टाचा एकदम फरशीवर आपटतात. मग चेंडू. तो मात्र गोंधळ. सोलापूरचे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांनी चेंडू झेलला आणि परत द्यायलाच तयार होईनात.

सगळे येत नाहीत. वेल्ह्याकडच्या एक आजी आहेत, त्या दाराशी बसून बघतात आणि दर वेळी तेच बोलतात. "भात लावून लावून कंबर गेली आमची. डोंगरावरून मोळ्या आणल्या, पाणी आणलं. आता व्यायाम व्हय? आता तरी बसू द्या की." फिजिओ त्यांच्यापुढे गप्प होते. मीही झाले. काय उत्तर आहे याला? सत्तर वर्षं जिच्या अंगाला कुणी बसू दिलं नाही, तिला आता 'बसू नका, तब्येतीला वाईट असतं' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तिच्या लेखी खुर्ची म्हणजे मजुरी आहे, उशिरा मिळालेली.

आमचे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, औंधच्या शाळेत शिकलेले. तिथले राजे पंतप्रतिनिधी भवानराव, त्यांना सूर्यनमस्कारांचं भारी वेड. त्यांनी ते संस्थानातल्या शाळांमधून घालायला लावले, त्यावर पुस्तक लिहिलं, स्वतः म्हातारपणापर्यंत घालत राहिले. ते वेड आजोबांनी जन्मभर सांभाळलं. पहाटे ओटीवर सतरंजी, मंत्र, दम, सगळं साग्रसंगीत. त्यांच्या नमस्कारांच्या वेळी ओटीवरून कुणी चालायचं नाही. त्याच वेळी आजी मागच्या दारी पाटा-वरवंट्यावर चटणी वाटत असे आणि आत्या नदीवरून आणलेले धुण्याचे पिळे झटकत असे. त्याला कुणी मंत्र नव्हता आणि रस्ता मोकळा ठेवायचीही गरज नव्हती. आजोबांनी केला तो व्यायाम, आजीने केलं ते काम. वेल्ह्याच्या आजींच्या 'व्यायाम व्हय?'मध्ये हे सगळं आहे, असं मला वाटतं. आणि तरी, हेही खरं की आजी ब्याऐंशीव्या वर्षी गेली तेव्हा शेवटच्या आठवड्यापर्यंत उकिडवी बसून भाजी निवडत होती.

त्या घरात खुर्ची एकच होती आणि ती पोस्टमास्तर, डॉक्टर किंवा मुलीचे सासरे आले तर बाहेर काढायची. बाकी सगळं जमिनीवर. पाटावर जेवण, जमिनीवर गाद्या, चूल खाली, देव खाली, परसाकडे उकिडवं. दिवसातून किती वेळा जमिनीवरून उठणं होत असेल? वीस? तीस? आम्ही मुलं हात टेकून उठलो की आजी म्हणायची, "टेकलास हात? झालास म्हातारा!" कित्येक वर्षांनी कळलं की ब्राझीलमधल्या क्लॉडिओ गिल अराऊजो नावाच्या डॉक्टरांनी याचीच एक चाचणी केली आहे. जमिनीवर बसायचं आणि उठायचं, दहा गुण. हात टेकला की एक गेला, गुडघा टेकला की एक गेला. २०१२ साली त्यांनी दोन हजार माणसांचे निकाल छापले. कमी गुणवाली माणसं पुढच्या काही वर्षांत जास्त दगावली होती. आजीला ऐकवायला हवं होतं. ती म्हणाली असती, त्यात शोधायचं काय? आणि मग आम्ही शिकलो, कमावते झालो आणि एकेक करून सगळं कमरेच्या उंचीला आणलं. ओटा, डायनिंग टेबल, पलंग, कमोड. वाईच्या घरात कमोड मीच बसवला, आत्याला त्रास नको म्हणून. कारागिराला घाई करून.

फिजिओशी बोलणं झालं त्या बुधवारी, जाताना, ती स्कूटरला बॅग अडकवत असताना. मी तिला विचारलं, खरं सांग, या वयात याचा काही उपयोग होतो का, की नुसता विरंगुळा? तिने हेल्मेट परत काढलं. म्हणाली, ताई, नव्वदीत होतो. मग तिने सांगितलेलं मी रात्री शोधून वाचलं. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोने या डॉक्टरांनी अशाच एका संस्थेत राहणाऱ्या दहा जणांना घेतलं, वयं शहाऐंशी ते शहाण्णव. त्यांना चेंडू-बिंडू दिला नाही. पायाने जेवढं जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या ८० टक्के वजन, आठवड्यातून तीनदा. एकाने मधेच सोडलं, नऊ टिकले, आणि आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. सराव थांबला तशी महिनाभरात पुन्हा उतरायलाही लागली. चार वर्षांनी त्यांनी शंभर जणांवर तेच केलं, सरासरी वय सत्त्याऐंशी. या वेळी एक गट असाही होता ज्याला व्यायाम नाही, नुसतं पौष्टिक पेय. त्या गटात काहीच घडलं नाही. हे वाचताना माझी नजर आपसूक स्वयंपाकघराच्या फळीकडे गेली. आत्यासाठी घेतलेल्या प्रोटीन पावडरचे दोन डबे होते तिथे, एकावर एक फुकट. दर रविवारी एक घेऊन जायचे मी. आश्रमातल्या प्रत्येक कपाटावर असे डबे आहेत, ओळीने. आम्हा नातेवाइकांची हजेरीच म्हणा.

उगाच कुणाला हे रामबाण वगैरे वाटायला नको. इंग्लंडमध्ये ७८ केअर होम्समध्ये फिजिओंनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास असेच वर्ग घेतले होते. त्याने तिथल्या लोकांची उदासी कमी होईल अशी आशा होती. २०१३ मध्ये निकाल आला, उदासीत काडीचा फरक नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. मास्तरांचा मुलगा दोन वर्षांत आलेला नाही, त्याला चेंडू काय करणार? आणि आठवड्याचे दीड तास कुणी हात वर-खाली करून घेतले आणि उरलेला आठवडा कुणी उठूच दिलं नाही, तर त्या दीड तासाने तरी किती ओढायचं? फिजिओचं दुखणं हेच होतं. ती म्हणाली, "माझा पाऊण तास जातो आणि मग बघा, सगळे मदतीला धावतात. मी आजींना उठायला शिकवते, बाकीचे त्यांना उचलतात." 'बाकीचे' म्हणताना तिने नजर स्कूटरच्या आरशाकडे ठेवली. सभ्य मुलगी आहे.

उठायचं कसं, हे तिने मला तिथेच पायरीवर बसवून दाखवलं. सत्तावन्न वर्षांची मी, आयुष्यभर उठत आले, पण कसं उठते ते माहीत नव्हतं. आधी कडेला यायचं. घाई नाही, एक मिनिट बसून घोटे हलवायचे, नाहीतर बीपी खाली येतं आणि डोळ्यांपुढे अंधारी. मग पाय मागे, गुडघ्याच्याही आत. मग वाकायचं, आणि इथेच सगळे फसतात, कारण पडायची भीती माणसाला मागे खेचते आणि मागे रेललेलं माणूस कधीच उठू शकत नाही. नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढे गेलं पाहिजे. पडतोय असं वाटलं पाहिजे. तेव्हा कुठे बूड आपोआप सुटतं. काखेत हात घालून वर ओढलं की नेमकं हे वाकणंच होत नाही, माणूस मागे लोंबकळत वर येतं, आणि शरीर विसरून जातं. तिची एक चाचणी आहे, तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, हात छातीवर घडी घालून. ऐंशी ते चौऱ्याऐंशीच्या बाईचे नऊच्या खाली आले तर कमी. मी घरी येऊन केलं. अकरा. साठी ओलांडलेल्या बाईचेही बारा व्हायला हवेत म्हणे. नवऱ्याला सांगितलं नाही.

आणि नियम एक. कुठेही हात लावला, स्वतःचा की दुसऱ्याचा, तर जेवढे झाले तेवढे धरायचे नाहीत. शून्य लिहायचं.

हे शून्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं. पुढच्या रविवारी आत्याची चष्म्याची डबी शोधताना उशीखालून एक डायरी निघाली. विमा एजंट वाटतो तसली, मागच्या वर्षीची, तारखा खोडून नव्या घातलेल्या. आत पट्टीने आखलेले रकाने. तारीख, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि शेवटी 'शेरा'. तिचं ते पोस्टातलं अक्षर, सातच्या अंकाला लांब शेपूट. तेहेतीस वर्षं तिने दुसऱ्यांचे पैसे मोजले, ओल्या स्पंजला बोट लावून, आणि चार आण्यांचा ताळा लागेना म्हणून एकदा रात्री आठपर्यंत बसली होती, ती गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. पहिली पानं शून्यांची. मग डिसेंबरात कुठेतरी एक. एकच, त्याच्याभोवती काही नाही, ना गोल, ना खूण. मग १, ०, १, २. शेऱ्यात कधी 'गुडघा', कधी 'लाईट नव्हती', कधी 'एकादशी, शेंगदाणे बाधले'. फेब्रुवारीत महिनाभर 'फिजिओचे लग्न' आणि आकडे पुन्हा खाली आलेले, बॉस्टनच्या त्या नव्वदीतल्यांसारखेच. मग परत ३, ४, ४, ५.

आणि दर सात दिवसांनी, दुपारच्या रकान्यात, न चुकता: ०. शेरा, 'भाची आली होती.'

मी पानं उलटत गेले. एकही रविवार चुकला नव्हता. ना माझा, ना तिचा. किती नियमित येते म्हणून मॅनेजर बाई माझं उदाहरण द्यायच्या दुसऱ्यांना. डायरी जागेवर ठेवली. चष्म्याची डबी तिच्या मांडीवरच होती. ती मालिका बघत होती, किंवा बघतेय असं दाखवत होती. मला राग आला, खोटं कशाला बोलू. तिचा आला. एकदा नीट सांगायला काय झालं होतं? इतके रविवार! पण ती सांगून बघत होतीच की तिच्या पद्धतीने. आणि शिवाय तिला बहुतेक वाटत असेल, येतेय ती, मायेने हात घालतेय, घालू दे. आठवड्याला एक शून्य परवडतं.

परवाच्या रविवारी मी जाताना डबा नेला नाही. आधी ऑफिसात जाऊन मॅनेजर बाईंना म्हटलं, तो कागद काढा. त्यांना कळेना. मग फाईल सापडली, कागद सापडला, आणि त्या म्हणाल्या, "ताई, उद्या पडल्या तर?" यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. पडू शकते. मागच्या वेळी हाड डावं होतं, उजवं अजून तसंच ठिसूळ आहे. मी म्हटलं, पडली तर मी ओरडणार नाही. हे त्यांनी कागदावर लिहून मागितलं नाही, पण माझ्याकडे बघितलं बराच वेळ. शेवटी असं ठरलं की मावशी जवळ उभी राहील, वॉकर पुढ्यात राहील, पण हात लावायचा नाही. जेवणघरापर्यंत दिवसातून एकदा तरी चालत. नऊ मिनिटं कुठून आणायची, तो त्यांचा प्रश्न तसाच आहे. त्या म्हणाल्या, बघू.

घंटा झाली. मी तिच्या पलंगावर बसले आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले, लहानपणी लसणीची चटणी खाल्ल्यावर डोळ्यांना हात लावायचा नसायचा तेव्हा घालायचे तसे. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. काही म्हणाली नाही. कडेला सरकली. स्लीपरमधले घोटे हलले, वर, खाली. पाय मागे गेले. हात छातीवर, मंगळसूत्राची जागा अजून चाचपतात तशी बोटं. वाकली, आणि धप्पकन परत बसली. त्या धप्पबरोबर माझा उजवा हात सुटून बाहेर आला होता, मला कळलंही नाही. परत आत घातला. दुसऱ्यांदा ती आणखी पुढे वाकली, इतकी की पांढरा अंबाडा मला वरून दिसला, त्यातली एक काळी पिन, आणि मानेवरचा घाम. गुडघे थरथरायला लागले, दूध वर यायच्या आधी साय थरथरते तसे. खुर्ची आणि ती यांच्यामध्ये दोन बोटं फट पडली. मग चार. दारातून मावशी ओरडली, "अहो आजी, पडाल!" आणि धावली, आणि मी म्हटलं, "थांबा." मावशी थांबली. आत्या मधेच कुठेतरी होती, बसलेली नाही, उभी नाही, आणि ती तिथे इतका वेळ राहिली की खालच्या मजल्यावरचा टीव्ही ऐकू येत होता, कसली तरी जाहिरात.

"एक," ती म्हणाली. उभी होती.

चार झाले. पाचव्याला तिने स्वतःच मान हलवली. मग चहा गार झालेला प्यायली, उशीखालून डायरी काढली, पेन शोधलं, माझ्यादेखत, लपवाछपवी नाही. दुपारच्या रकान्यात ४. शेऱ्यात 'भाची आली होती.' थोडा वेळ त्याकडे बघत राहिली. मला वाटलं, पुढे काही लिहील. तिने डायरी माझ्याकडे सरकवली.

"सही कर शेजारी. साक्षीदार लागतो."

मी केली.

"ही काय सही? नीट पूर्ण नाव घाल. आद्याक्षरं चालत नाहीत."